रोजच्या कामासाठी कोणती मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी विंडोज १० चा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. त्यावर कुणीतरी टाकून दिलेलं ‘क्रॅक’ ऑफिस आता रोज लाल पट्टी दाखवतंय. शिकवणीच्या नोट्स आणि चाचणीचे पेपर मराठीत टाइप करायचे असतात, बारावीतल्या मुलीचे फॉर्म भरायचे असतात. पैसे न देता आणि चोरीचा माल न वापरता काय चालेल, आणि तेच शिकवणीच्या दोन मशीनवर टाकलं तर चालेल का?

मी मुलुंडला राहते. मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय. शिवाय सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे नोटिसा, मेंटेनन्सची बिलं आणि सभेचं इतिवृत्त हे बिनपगारी काम. त्यामुळे मी एवढंच बघते की देवनागरी नीट दिसते का, नीट छापली जाते का आणि समोरच्याच्या मशीनवर तशीच उघडते का. गेम किंवा ऑटोकॅडबद्दल मला विचारू नका.

आधी एक सांगते. बरेच जण तुम्हाला पहिल्याच वाक्यात ‘लिनक्स टाका’ म्हणतील, म्हणजे विंडोज काढून त्या जागी ही मोफत सिस्टिम. टाका, पण लगेच नको. खाली जे सांगतेय त्यातलं जवळपास सगळं विंडोजवरही चालतं. आधी आहे त्या विंडोजवर प्रोग्रॅम बदला, हात बसू दे. मग खालची सिस्टिम बदलली तरी रोजच्या खिडक्या त्याच राहतात आणि घरात आरडाओरडा होत नाही.

सुरुवात लिबरऑफिसपासून. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळा झालेला हा संच द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था सांभाळते. वर्डच्या जागी रायटर, एक्सेलच्या जागी कॅल्क, पॉवरपॉइंटच्या जागी इम्प्रेस. वर्डसारखी वरची पट्टी हवी असेल तर ‘व्ह्यू’ मेनूत ‘युजर इंटरफेस’मध्ये जाऊन ‘टॅब्ड’ निवडा. निम्मी कुरकुर तिथेच थांबते.

आता मराठीचं. लिबरऑफिसबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘फॉन्ट बदलला तरी अक्षर तसंच राहतं’. कारण असं की रायटर रोमन लिपीसाठी एक फॉन्ट लक्षात ठेवतो आणि देवनागरीसाठी दुसरा. तुम्ही स्टाइलमध्ये पहिला बदलता, मराठी मजकूर दुसऱ्यावर चालत असतो. उपाय एकदाच करायचा: ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, त्यात भाषेचं पान, तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर टिक आणि भाषा मराठी. मग फॉन्टच्या चौकटीत दोन्ही रकाने वेगवेगळे दिसतात. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक फायदा: काही फॉन्ट त्यावरून ओळखून ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मुलांना पेपर द्यायचा तर एवढं बघावंच. शुद्धलेखन तपासायला मराठी एक्स्टेंशन मिळतं. ते सामासिक शब्दांवर उगाच लाल रेघा मारतं, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका पकडतं.

फॉन्टही मुक्त परवान्याचेच घ्या, म्हणजे कुणालाही वापरता आणि वाटता येतील असे. ‘मंगल’ आणि ‘निर्मला’ हे विंडोजबरोबर येतात. तुम्ही त्यात पेपर केलात आणि दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला, की ओळी सरकतात आणि दुसऱ्या पानावरचा शेवटचा प्रश्न तिसऱ्या पानावर एकटा जाऊन बसतो. मी नोटिसांना ‘मुक्त’ (Mukta) याच नावाचा फॉन्ट वापरते. तो मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा आहे, जाड-बारीक मिळून सात वजनांत येतो. पुस्तकी मजकुराला आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ छान दिसतो, संस्कृतची जोडाक्षरंही नीट घेतो. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फॉन्ट फाइलीतच बसवून पाठवायची सोय आहे. समोरच्याला फक्त छापायचंच असेल तर सरळ पीडीएफ द्या.

दोन ठिकाणी लिबरऑफिस कमी पडतं, तेही ऐका. मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा) भरलेली एक्सेल शीट, म्हणजे सीएकडून येते तसली, बऱ्याचदा अडते. आणि युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर एकसारखं चालणाऱ्या आजच्या टायपिंग पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांत केलेल्या जुन्या फाइली उघडल्या की गिचमिड दिसते. पण ती ज्या मशीनवर तो जुना फॉन्ट नाही तिथे वर्डमध्येही तशीच दिसेल. तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो.

मुलीच्या फॉर्मसाठी गिंप, हा फोटो दुरुस्त करायचा प्रोग्रॅम. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, असली अट घालणाऱ्या साइटींनी आपल्याकडे किती सायबर कॅफे जगवलेत देव जाणे. गिंपमध्ये फोटो उघडा, क्रॉप करा, ‘इमेज’ मेनूतल्या ‘स्केल इमेज’मधून मागितलेली रुंदी-उंची द्या. मग ‘एक्सपोर्ट’ करून जेपेग निवडलं की क्वालिटीची पट्टी येते. तिथे प्रीव्ह्यू दाखवण्याच्या चौकटीवर टिक करा, म्हणजे पट्टी सरकवताना फाइल किती केबीची होईल ते तिथल्या तिथे दिसतं. ४८ केबीवर थांबायचं आणि सेव्ह करायचं. बाकी गिंप अवाढव्य आहे, त्याच्या वाटेला मी जात नाही. फ्लेक्स किंवा निमंत्रणपत्रिका करायची तर इंकस्केप हा डिझाइनचा प्रोग्रॅम घ्या, पण प्रेसवाला कोरलड्रॉ या विकतच्या प्रोग्रॅमची फाइल मागेल. त्याला अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे फॉन्टऐवजी आकृती बनवून) पीडीएफ द्या, काम होतं.

पीडीएफवरून आठवलं. दोन पीडीएफ जोडायला लोक गूगलवर जी पहिली साइट येईल तिथे आधार, पॅन, मार्कशीट बिनधास्त चढवतात. सोसायटीत भाडेकरूंची कागदपत्रं माझ्याकडे येतात, म्हणून मला हे जास्तच खुपतं. पीडीएफ अरेंजर नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. पानं जोडा, काढा, फिरवा, क्रम बदला, सगळं आपल्याच मशीनवर. स्कॅनिंगला नॅप्स२. त्याच्या पोटात टेसरॅक्ट हे अक्षर ओळखणारं इंजिन आहे. एचपीमध्ये १९८५ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं आणि २००५ मध्ये ते खुलं झालं. त्याची मराठी भाषा उतरवून घ्या. स्वच्छ छापील पान ३०० डीपीआयवर स्कॅन केलं तर बराचसा मजकूर टाइप न करता हाती येतो. अनुस्वार आणि रफार मात्र तपासावेच लागतात. हस्ताक्षर त्याला वाचता येत नाही. आणि एक: लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये पीडीएफ उघडून दुरुस्त करता येते असं कुणी सांगितलं तर ते इंग्रजीपुरतं ऐका, मराठी जोडाक्षरं तिथे हमखास फुटतात.

ब्राउझर फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन. क्रोममध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आता चालत नाही, लाइट नावाची हलकी चालते. मराठी बातम्यांच्या साइटवर मजकूर शोधावा लागतो अशी जाहिरातींची गर्दी असते, तिथे फरक लगेच कळतो.

व्हिडिओ बघायचा व्हीएलसी तुम्हाला माहीत असेलच. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो आला, रस्त्यावरचा नारिंगी शंकू हे चिन्हही त्या पोरांचंच. घरात लग्नाची जुनी व्हीसीडी असेल तर कामाची गोष्ट: यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा. डिस्कवर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो, त्यात डॅट फाइल. ती लॅपटॉपवर कॉपी करा, व्हीएलसी ती सरळ वाजवतो. मग हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून एमपी४ करून घ्या, म्हणजे नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवता येईल. डिस्क आणखी खराब व्हायच्या आत करा. २०२२ मध्ये व्हीएलसीची साइट भारतात काही महिने बंद होती, तेव्हा लोकांनी कुठून कुठून तो उतरवला. आता व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग चालू आहे, तिथूनच घ्या. सर्चमध्ये वर ‘जाहिरात’ म्हणून दिसणाऱ्या दुव्यावरून कुठलंच सॉफ्टवेअर घेऊ नका.

पासवर्डसाठी कीपासएक्ससी. सगळं एकाच कुलूपबंद फाइलीत राहतं. तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि मुख्य पासवर्ड कागदावर लिहून कपाटात. डायरीत बँकेचे पासवर्ड लिहून ती टीव्हीजवळ ठेवण्यापेक्षा बरं. झिप आणि रार फाइलींना ७-झिप. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

आता लिनक्स. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा निर्णय कधीतरी घ्यावाच लागेल. लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन आवृत्ती. ८ जीबीला ती भरपूर झाली. रुफस हा छोटा प्रोग्रॅम वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती चढवा आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप चालू करून बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर पान काढतो का हे तिथेच कळतं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सोयीतून मिळतो, मांडणी विंडोजसारखीच. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणा. त्याने जो वेग येतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरने येत नाही. तिथला दुकानदार ‘विंडोज पण टाकून देतो, ऑफिससकट’ म्हणेल. त्याला हात जोडा.

घरात टॅली हा हिशोबाचा प्रोग्रॅम, डिजिटल सहीचं टोकन किंवा फक्त विंडोजवर चालणारी एखादी सरकारी युटिलिटी लागत असेल, तर एक मशीन विंडोजचं राहू दे. मीही तसंच ठेवलंय. ते महिन्यातून एकदा-दोनदा उघडतं.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे व्हिडिओ मोफत आहेत, छोटे आहेत, आणि लिबरऑफिसचे मराठी आवाजातही मिळतात. मुलीला शेजारी बसवून कॅल्कचे दोन-चार बघा, शिकवणीची हजेरी आणि फीचा हिशोब त्यावर आरामात होईल.

शिकवणीच्या दोन मशीनचं: चालतं. वर सांगितलेली सगळी मुक्त परवान्याखाली आहेत. किती मशीनवर टाकता, धंद्यासाठी वापरता की घरी, यावर त्यात बंधन नाही. विद्यार्थ्यांनाही आपापल्या घरी अधिकृत साइटवरून तेच उतरवायला सांगा, म्हणजे तुमची फाइल त्यांच्याकडे नीट उघडेल. सावध राहायचं ते ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असणाऱ्या प्रोग्रॅमबाबत. ती वेगळी जात. इन्स्टॉल करताना परवान्याच्या पानावर ते शब्द दिसले, तर ते घरच्या लॅपटॉपवर ठेवा, शिकवणीच्या मशीनवर नको.