फिलाडेल्फियाजवळ केबलशिवाय टीव्ही पाहण्यासाठी कोणता अँटेना घ्यावा?

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडील एक्स्टन गावातल्या टाउनहाउससाठी खोक्यावर ‘150 मैल’ छापलेला, खिडकीला चिकटवायचा पातळ अँटेना घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. पृथ्वीच्या वक्रतेमुळे टीव्हीचे प्रक्षेपण साधारण 60-70 मैलांपलीकडे भरवशाने पोहोचत नाही, त्यामुळे तो आकडा निरर्थक आहे. शिवाय फिलाडेल्फियाच्या वाहिन्यांचे मनोरे रॉक्सबरो भागात, म्हणजे आपल्यापासून सुमारे 20 मैलांवर, जवळजवळ सरळ पूर्वेला आहेत.

खरी अडचण अंतराची नसून एबीसी या अमेरिकी नेटवर्कच्या सहा क्रमांकाच्या वाहिनीची आहे. 2009 मध्ये प्रक्षेपण डिजिटल झाल्यावरही ती 82 ते 88 मेगाहर्ट्झ या जुन्याच पट्ट्यात राहिली, तर इतर बहुतेक प्रमुख वाहिन्या यूएचएफवर, म्हणजे बऱ्याच वरच्या वारंवारतेच्या पट्ट्यात आहेत. यूएचएफसाठी फूटभर लांबीची दांडी पुरते. सहा क्रमांकाची तरंगलांबी मात्र सुमारे साडेतीन मीटर असल्याने तिला त्याच्या निम्मी, म्हणजे पावणेदोन मीटरची दांडी लागते. गच्चीवरच्या जुन्या दूरदर्शन अँटेनाच्या दांड्या लांब असत, त्या याच कारणाने. पातळ अँटेनावर बाकी वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि नेमकी हीच अडखळते. त्यात घरातले एलईडी दिवे आणि चार्जर याच पट्ट्यात खरखर मिसळतात.

म्हणून खोक्यावर नुसते ‘व्हीएचएफ’ (यूएचएफच्या खालचा, 2 ते 13 क्रमांकांचा पट्टा) लिहिलेले पाहून समाधान मानू नये, कारण पुष्कळ अँटेना सातव्या क्रमांकापासून पुढचेच व्हीएचएफ पकडतात. 2 ते 6 क्रमांकांचा स्पष्ट उल्लेख हवा. आधी दोन दांड्यांचा साधा घरगुती अँटेना आणून प्रत्येक दांडी सुमारे 85 सेंटिमीटर ओढावी, दोन्ही उत्तर-दक्षिण आडव्या ठेवाव्यात आणि टीव्हीवर वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यावा. बऱ्याच घरांत एवढ्यावरच काम भागते. भागले नाही, तर छपरावर मोठा अँटेना लावावा. माळ्यावरही चालतो, मात्र तिथल्या इन्सुलेशनला अॅल्युमिनियमचा थर असेल तर संकेत आतच येत नाही. संकेत वाढवणारा अॅम्प्लिफायर इतक्या जवळ सहसा लागत नाही, उलट प्रबळ संकेताने तो गुदमरतो.

सोसायटीने हरकत घेतल्यास एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेचा 1996 चा नियम दाखवावा: केवळ आपल्याच वापरात किंवा ताब्यात असलेल्या जागेत असा अँटेना लावण्यास सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. सामाईक छपराला तो लागू नाही, तेव्हा छप्पर कोणाच्या ताब्यात आहे हे आधी कागदपत्रांत पाहावे. अँटेना बाहेर लावल्यास खांब आणि केबल दोन्हींना अर्थिंग करून घ्यावे.