गोळी तुझ्याकडून काय घेते?

"मॅडम, जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करते. आम्ही तरी किती पहारा द्यायचा?" बायपोलरचं, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाणाऱ्या आजाराचं निदान झालेल्या मुलामुलींचे आईवडील समोर बसले की हे वाक्य येतंच. मागोमाग करून झालेले उपायही सांगतात. तोंड उघडून दाखवायला लावणं, मोबाइल काढून घेणं, देवाची शपथ. एका घरात तर गोळी कुटून आमटीत घालत होते. ती हळूहळू विरघळणारी गोळी होती. अशी गोळी कुटली तर औषध एकदम अंगात जातं. मुलाला हे कळलं त्या दिवसापासून त्याने घरचं जेवणच सोडलं.

या प्रश्नावर मी हल्ली सायलीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सायली सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. दहावीच्या सुट्टीत ती रोज जेमतेम दोन तास झोपत होती. रात्रभर मेंदीची डिझाइन्स, पहाटे मैत्रिणींना लांबलचक मेसेज, वडिलांच्या कार्डावरून मेंदीच्या कोनांची खोकीच्या खोकी. त्यानंतर अंथरुणातून उठणंही जड झालं. मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम, म्हणजे मनाचे हे चढउतार आवरणारं औषध सुरू केलं, ती कॉलेजला जायला लागली, आणि दिवाळीच्या साफसफाईत गादीखाली गोळ्यांचा साठा सापडला.

"गोळ्या का घेत नाहीस?" असं मी मुलांना विचारत नाही. "विसरले" हे उत्तर त्यांना पाठ असतं. मी तिला विचारलं, "ही गोळी तुझ्याकडून काय घेते?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं बारीक थरथरत होती.

"मामेबहिणीच्या साखरपुड्याला मोराची मान वाकडी आली. सगळे म्हणाले, चालतंय की. मला दिसत होतं ना! तेव्हापासून मी ऑर्डर घेतच नाही."

आईची समजूत होती की अभ्यासासाठी मेंदी सोडली.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "आणि खरं सांगू? त्या जागरणांच्या रात्री मी सगळ्यात भारी मेंदी काढलीय."

इथे मोठी माणसं हमखास घाई करतात. "अगं, तू आजारी होतीस तेव्हा!" मी गोळीची वकिली करत नाही. आपण एक बाजू धरली की मूल दुसरी धरतं, आणि मग तीच त्याला खरी वाटायला लागते. दोन्ही बाजू त्याच्याच तोंडून आल्या पाहिजेत, असं मी मानते. म्हणून एवढंच म्हटलं, "मला बघायला आवडेल. फोटो आहेत?"

पुढच्या वेळी ती फोन घेऊन आली. पहिल्या रात्रीची मेंदी खरंच देखणी होती. मनगटापर्यंत जाळी, कमळं, बोटांच्या टोकांना भरीव काम. ती रंगून सांगत होती. तारखेप्रमाणे फोटो पुढे सरकत गेले तसं तिचं बोलणं मंदावलं. एका हाताची वेल कोपराकडे निघाली होती आणि मध्येच थांबली होती. दुसऱ्या तळहातावर पाच ठिकाणी सुरुवात, पूर्ण एकही नाही. नंतरच्या फोटोंत नुसते फराटे. ती मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. अशा वेळी गप्प बसणं या कामात फार अवघड असतं, आणि स्वतःचं थोडं कौतुक करायचं तर मला ते जमतं.

"मॅडम, पूर्ण झालेली एकच आहे. पहिल्या रात्रीची." मग थोडं थांबून, "मला पुरीच करता येत नव्हती."

हे तिला कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर तिने त्या माणसाचा रागच केला असता.

अर्थात, एवढ्याने हात थरथरायचा थांबत नाही. तिने स्वतः कागदावर तक्रारी लिहिल्या: थरथर, सारखी तहान, वजन, पिंपल्स. तो कागद तिनेच डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी रक्तातलं लिथियम आणि थायरॉइड तपासलं, गोळ्यांचं प्रमाण आणि वेळा बदलल्या. थरथर कमी झाली, पूर्ण गेली नाही. हल्ली ती ठसठशीत अरेबिक डिझाइन्स जास्त काढते. "मी प्रयोगाचा उंदीर आहे का?" असंही तिने एकदा विचारलं. मी सांगितलं, १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादावरच्या, म्हणजे या आजारातल्या अतिउत्साहाच्या टप्प्यावरच्या लिथियमबद्दल लिहिलं, आणि रुग्णांना देण्याआधी ते त्याने स्वतः घेऊन पाहिलं होतं. "म्हणजे आवर्तसारणीतलं तिसरं? बॅटरीतलं?" ती हसली. त्या दिवसापासून गोळीचं घरातलं नाव 'तिसरा नंबर'.

आता पालकांसाठी. साइड इफेक्टची तक्रार म्हणजे कांगावा असं धरून चालू नका. 'गोळी का सोडली' याचं उत्तर बहुतेकदा तिथेच सापडतं. डबी मुलाकडे द्या, पण एकदम नाही. आधी आठवड्याचे खण त्याने भरायचे आणि तुम्ही पाहायचे, मग पाहणं हळूहळू कमी. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. लिथियम चालू असताना निर्जळी उपवास नको, आणि मनाने मीठ तोडणंही नको. पाळीत पोट दुखलं म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका, त्याने रक्तातलं लिथियम वाढू शकतं. उलट्या-जुलाब लागले तर लगेच डॉक्टरांना फोन करा. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला किंवा बोलणं जड झालं तर थेट दवाखाना गाठा. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात, म्हणून त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर. आणि औषध अचानक बंद केलं तर उन्माद उसळू शकतो, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोकाही वाढतो. मूल तसं काही बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो.

"किती दिवस घ्यायच्या?" हे सायली अजूनही विचारते. मी खोटी तारीख देत नाही. बारावीच्या परीक्षेनंतर गोळ्यांचा फेरविचार करायचा, असं तिने आणि डॉक्टरांनी ठरवलंय. ती तारीख तिने स्वतः कॅलेंडरवर लिहिली. तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन ऑर्डर मात्र तिने आत्ताच घेतल्यात, आणि त्यातली एक नवरीची आहे.