हात वर राहत नाहीत, काय करावं?

तीन वर्षं कराटे शिकतोय. स्पॅरिंगमध्ये किक मारली की हात खाली येतात आणि समोरचा नेमका तेव्हाच तोंडावर ठोसा देतो. सर रोज ‘गार्ड वर’ म्हणून ओरडतात. – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

नुसत्या ओरडण्याने हात वर राहत नाहीत. ते खाली का येतात ते आधी पाहा. उजव्या पायाने मावाशी-गेरी (बाजूने गोल फिरवून मारायची किक) मारताना तोल साधायला उजवा हात आपसूक खाली जातो. तो गेला तरी चालेल. पण त्याच वेळी उजवा खांदा वर उचलून जबडा झाकायचा आणि डावा हात हनुवटीसमोर आणायचा. बहुतेकांचे दोन्ही हात एकदम पडतात, मार तिथे बसतो.

दुसरं कारण काताची, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करायच्या सरावाची, सवय. त्यातल्या हिकिते या हालचालीत मूठ कमरेशी ओढतात, कारण त्या मुठीत प्रतिस्पर्ध्याचा हात किंवा कपडा धरलेला आहे असं मानलेलं असतं. स्पॅरिंगमध्ये मूठ रिकामीच असते, तेव्हा ठोसा मारून ती थेट गालाशी परत यायला हवी.

सराव असा: हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरा, मागच्या हाताचा अंगठा गालाच्या हाडाला टेकवा, पुढची मूठ डोळ्यांच्या रेषेत ठेवा आणि कोपरं बरगड्यांशी. मग प्रत्येक पायाने दहा किक, सावकाश. चेंडू पडला की मोजणी पुन्हा एकपासून. पंचिंग बॅगवर जायची घाई नको. कोपरं बाहेर फाकली की खांदे लवकर भरून येतात, शिवाय उजवीकडे यकृत उघडं पडतं. मुठी कपाळाला चिकटवून डोळे झाकणं हा गार्ड नव्हे. ठोसा आला की स्वतःचाच ग्लोव्ह नाकावर आदळतो.

रात्री एसटी स्टँडवरून घरी जाताना कुणी अंगावर आलं तर मुठी वळून उभं राहावं का? – एक वाचक, सातारा

नको. मुठी वळल्या की भांडण पेटतं, आणि बघणाऱ्यांना तुम्हीच मारायला निघालात असं वाटतं. तळवे उघडे, समोरच्याकडे वळवलेले, छातीच्या उंचीवर. कोपरं किंचित वाकलेली, एक पाय मागे. मोठ्याने म्हणा, “मागे व्हा!” अंतर हातभर तरी राखा, सुटायची वाट दिसताच निघा. मारावंच लागलं तर तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटालगतच्या भागाने. ग्लोव्हज नसताना मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीमागचं हाड मोडायची भीती असते. बॉक्सिंगसारखं दोन्ही हातांआड लपणंही इथे कमी पडतं, कारण ती भिंत सोळा औंसांच्या ग्लोव्हजमुळे उभी राहते. कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपुरतंच. तो पळाला की तुमचा हातही थांबला पाहिजे.

तालमीतला आहे, आता एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ज्यात ठोसे, किक आणि कुस्ती सगळं चालतं) शिकतोय. हात खालीच राहतात. – एक वाचक, कराड

कुस्तीत ठोसे नसतात, म्हणून पट (पाय धरून पाडायचा डाव) अडवायला हात खाली ठेवणं बरोबरच होतं. आता मुठी गालाशी ठेवा. समोरचा पटात शिरायला वाकला तर गुडघ्यांतून खाली जा. कमरेतून वाकलात तर तोंड त्याच्या गुडघ्यासमोर येतं.