मेलोट्रॉन ऐकायचंय? ‘स्प्रिंग’पासून सुरुवात करा

प्रोग्रेसिव्ह रॉकमधली (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतातली) मोठी नावं ऐकून झाली असतील, तर आता इंग्लंडमधल्या लेस्टर शहराचा ‘स्प्रिंग’ हा बँड ऐकाच. १९७१ साली त्यांचा एकच अल्बम आला, बँडच्याच नावाचा. पुढे बँड फुटला, याची मला आजही हळहळ वाटते.

या बँडमध्ये तिघं जण मेलोट्रॉन वाजवायचे! पियानोसारख्या पट्ट्या असलेल्या या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली सूर मुद्रित केलेल्या टेपचा तुकडा असतो. पट्टी दाबली की तो सरकतो आणि जेमतेम आठ सेकंदांत संपतो. म्हणून सूर सारखे बदलावे लागतात. या अल्बममधलं ‘द प्रिझनर’ हे गाणं हेडफोन लावून ऐका, तो श्वास घेतल्यासारखा चढउतार कळेल. घाई करू नका, दोन-तीनदा ऐका.

ड्रमकडेही कान असू द्या. वाजवणारे पिक विदर्स पुढे ‘डायर स्ट्रेट्स’ या प्रसिद्ध रॉक बँडमध्ये गेले.