बालवाडीच्या नाचासाठी गाणं

प्रश्न : स्नेहसंमेलनात चार-पाच वर्षांची बारा मुलं नाचणार आहेत. सोपं गाणं सुचवाल?

उत्तर : ताई, डोळे मिटून ‘नाच रे मोरा’ घ्या. १९५३ च्या ‘देवबाप्पा’तलं, गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशाताईंचा आवाज. मी कितीदा बसवलंय! यात शब्दच हालचाल सांगतात. कापूस पिंजला की हात वर फिरवायचे, विजेला टाळी, मग पिसारा. पिसाऱ्याला आईची जुनी ओढणी कमरेला खोचा, पण पायाखाली येणार नाही एवढीच. दोनच कडवी घ्या. गोल करू नका, पाठमोरी मुलं गोंधळतात. दोन ओळी बऱ्या. आणि तुम्ही रंगमंचासमोर खाली बसून सोबत नाचा. मुलं तुमच्याकडेच बघतात.