पेशीबाहेर चरबी नेणारी प्रथिने आणि पोटापाण्याचा प्रश्न

नमस्कार.

तुमची मुलगी टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. सेमिनारसाठी तिने पेशीतून चरबी बाहेर नेणाऱ्या प्रथिनांवर वाचले आणि आता यावरच संशोधन करणार म्हणून हटून बसली आहे. यावर घर चालते का, की सरळ डीएमएलटी (वैद्यकीय लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करायला लावू, असे तुम्ही विचारले आहे.

विषय फार चिंचोळा आहे ही तुमची समजूत आधी दूर करतो. एबीसीए१ हे प्रथिन पेशीच्या आवरणात रुतलेले असते. एटीपीची, म्हणजे पेशीतल्या इंधन-रेणूची, ऊर्जा खर्चून ते कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड (चरबीचाच एक प्रकार) बाहेरच्या अ‍ॅपो-ए१ या प्रथिनाच्या हवाली करते. त्यातून एचडीएल घडते, म्हणजे आपल्या रिपोर्टातले 'चांगले' कोलेस्टेरॉल. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या टॅन्जियर बेटावरच्या एका बहीण-भावाचे टॉन्सिल नारिंगी दिसले आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतेच. या आजारामागे एबीसीए१ च्या जनुकातला बिघाड आहे हे कळायला १९९९ उजाडले. त्याच कुळातले एबीसीए३ बिघडले तर नवजात बाळाला श्वास घेणे जड जाते. क्षयाच्या जंतूतले एमएमपीएल३ वेगळ्या कुळातले, पण तेही कवचासाठी लागणारी लिपिडे, म्हणजे चरबीच, बाहेर पाठवते. ते बंद पाडणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. क्षयाचे एवढे रुग्ण असलेल्या आपल्या देशात हे काम बिनगरजेचे कोण म्हणेल?

आता कडू भाग. अशी प्रथिने आवरणातून सोडवली की त्यांच्या गुठळ्या होतात. त्यांना विरघळते ठेवणारे योग्य डिटर्जंट (साबणासारखे रसायन) सापडेपर्यंत महिने जातात, आणि एवढे करून हाती आलेले प्रथिन कधी निकामीच निघते. एबीसीए१ ची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली ती थेट २०१७ मध्ये. सेमिनार आवडणे वेगळे आणि हे रोज करणे वेगळे. म्हणून सुट्टीत तिला एखाद्या प्रोटीन-लॅबमध्ये दोन महिने प्रोजेक्ट करू द्या. त्यानंतरही तिचा उत्साह टिकला तर अडवू नका.

वाट अशी: आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजी पेपर, नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ (पीएचडीसाठीची संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. पीएचडीला पाच-सहा वर्षे धरा, पुढची प्राध्यापकी हमखास नसते. पण प्रथिने शुद्ध करणारा हात लस आणि जैविक औषधांच्या कंपन्यांनाही लागतो, म्हणून तिने विषयापेक्षा तंत्र पक्के करावे. यंत्रे नसलेल्या, भरमसाट फीच्या खासगी एम.एस्सी.त मात्र पैसे घालू नका.

डीएमएलटी कमी दर्जाचे मुळीच नाही. घरात लवकर पगार यायलाच हवा असेल तर तेच करू द्या, पण ती अडचण तिच्यासमोर उघड बोला. तशी निकड नसेल तर जॅमचा अर्ज भरायला सांगा. फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ते भरता येतात.