नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या जुन्या शहरभागात १२ चौरस मीटरच्या खोलीचे वीज-गॅससकट ८०० युरो मागतायत. देऊन टाकू, की कमी होईल?

कमी होऊ शकतं, आणि तेही खोली ताब्यात आल्यावर: आधी करार करा, मग भाडं तपासून घ्या. सामायिक घरातल्या खोलीचं कमाल भाडं तिथे सरकारी गुणांवर ठरतं (क्षेत्रफळ, हीटिंग, एनर्जी लेबल, स्वयंपाकघर-बाथरूम किती जणांत वाटलंय) आणि १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा मालकाला पाळावीच लागते. 'ह्यूरकॉमिसी' या भाडे समितीच्या साइटवर गुण स्वतःच मोजता येतात. करार सुरू झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज केलात तर भाडं पहिल्या दिवसापासून कमी धरलं जातं. शुल्क २५ युरो, निकाल तुमच्या बाजूने लागला तर परत. तुमच्यासारखा 'सगळं धरून' एकच आकडा करारात असेल तर बाजू आणखी भक्कम: समिती त्यातले ५५ टक्के मूळ भाडं आणि २५ टक्के सेवाखर्चाचा आगाऊ हप्ता ठरवू शकते.

सही करण्याआधी एवढं बघाच:
- डिपॉझिट मूळ भाड्याच्या २ महिन्यांपेक्षा जास्त नको.
- त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करू देणार, हे लेखी घ्या. 'नोंदणी नाही' म्हणणाऱ्याची खोली सोडा. नोंदणीशिवाय बीएसएन (तिथला नागरिक ओळख क्रमांक) मिळणंही अडतं.
- मालकाच्याच एजंटाला दलाली देऊ नका, ती बेकायदा आहे.

मात्र कालव्याकाठची बरीच घरं राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंदलेली आहेत; तशा घरात कायदेशीर भाडं ३५ टक्क्यांपर्यंत वाढतं, म्हणून गुण मोजताना हे आधी तपासा.